आवृत्तिबदलाची व्याख्या : पोस्टग्रेसच्या मार्गदर्शिकेतील स्थापना-प्रकरणांचे परीक्षण

१

टीका म्हटली की दृष्टी साहजिकच काव्य, नाटक, कादंबरी यांच्याकडे वळते. एखादी यंत्रणा कशी उभी करावी आणि कशी राखावी हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकांकडे टीकाकाराची नजर क्वचितच जाते. असल्या लेखनात शैली कसली आणि रचना कसली, असा सर्वसाधारण समज दिसतो. तो बरोबर नाही. मार्गदर्शिकेतील प्रत्येक वाक्य वाचकाकडून काही कृती करवून घेते. ती कृती तो कोणत्या जाणिवेने करतो, पुढील धोक्याची कल्पना त्याला कृतीपूर्वी असते की नंतर येते, हे त्या वाक्याच्या शब्दांइतकेच त्याच्या स्थानावरही अवलंबून असते. म्हणून अशा लेखनाला तीन प्रश्न विचारणे युक्त ठरते : जे सांगितले आहे ते खरे आहे काय, ते पुरेसे आहे काय, आणि ते योग्य जागी सांगितले आहे काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञ देऊ शकेल. उरलेले दोन्ही प्रश्न रचनेचे, म्हणजेच टीकेच्या कक्षेतील आहेत.

या तीन प्रश्नांच्या कसोटीवर पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या अधिकृत मार्गदर्शिकेतील स्थापना आणि आवृत्तिबदल यांविषयीची प्रकरणे तपासणे हा प्रस्तुत परीक्षणाचा हेतू आहे. २०२४ साली निघालेल्या १७ व्या आवृत्तीची मार्गदर्शिका विवेचनासाठी मुख्यतः समोर ठेविली आहे.

या सर्व्हरचा जन्म विद्यापीठातच झाला, ही गोष्ट विद्यापीठीय वाचकाच्या दृष्टीने अप्रस्तुत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९८६ मध्ये पोस्टग्रेस या संशोधन-प्रकल्पाचा प्रारंभ झाला. पुढे अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल या प्रश्नभाषेची भर घातली, आणि १९९६ मध्ये त्यास आजचे नाव प्राप्त झाले. त्यानंतरचा त्याचा विकास निरनिराळ्या देशांतील स्वेच्छेने एकत्र आलेल्या तंत्रज्ञांनी केला. त्यामुळे त्याच्या मार्गदर्शिकेस एका लेखकाचा आवाज नाही. ती दीर्घकाळ अनेक हातांनी घडत आलेली संहिता आहे, आणि तिच्या गुणदोषांचे मूळ पुष्कळ अंशी या घडणीतच सापडते.

२

स्थापनेविषयीच्या प्रकरणांकडे वळताच प्रथम नजरेत भरते ते त्यांचे परस्परप्रमाण. सिद्ध स्वरूपातील पॅकेजे वापरून सर्व्हर कसा उभारावा, हे सांगणारे प्रकरण अवघ्या काही ओळींचे आहे. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी अशी पॅकेजे उपलब्ध आहेत, ती संकेतस्थळावरून घ्यावीत आणि आपापल्या सिस्टिमसाठी दिलेल्या सूचना पाळाव्यात, एवढे सांगून ते प्रकरण संपते. याउलट मूळ आज्ञावलीपासून सर्व्हर बांधण्याचे प्रकरण विस्तृत, साक्षेपी आणि आरंभी एका सुबक संक्षेपाने सजलेले आहे : आधी जुळणी, मग बांधणी, मग प्रतिष्ठापना, मग सर्व्हरसाठी स्वतंत्र वापरकर्ता, मग डेटा डिरेक्टरी, मग क्लस्टरचा आरंभ, आणि शेवटी एक चाचणी-डेटाबेस. दहाबारा ओळींत एक संपूर्ण क्रिया डोळ्यांपुढे उभी राहते. सूत्ररूप गद्याचा हा उत्तम नमुना आहे.

तथापि हे सूत्र कोणासाठी, असा प्रश्न उरतोच. मूळ आज्ञावलीपासून बांधणी करणारा वाचक आज विरळा. बहुसंख्य वाचक डेबियन, उबुंटू, रेड हॅट, विंडोज किंवा मॅक यांपैकी कोठल्या तरी सिस्टिमवर सिद्ध पॅकेज बसवितात. आणि तेथे प्रत्येक सिस्टिमने मूळ सूत्रात आपल्या प्रकृतीनुसार फेरफार केलेले असतात.

डेबियनचे उदाहरण घ्यावे. तेथे पॅकेज बसविताच क्लस्टर आपोआप निर्माण होतो आणि सर्व्हर सुरूही होतो. (एका सर्व्हरच्या ताब्यातील सर्व डेटाबेस मिळून होणाऱ्या समूहास पोस्टग्रेसच्या परिभाषेत क्लस्टर म्हणतात.) डेटा एका ठिकाणी, तर नियमनाच्या फायली दुसऱ्या ठिकाणी राहतात, दोन्ही मार्गांत आवृत्तीचा क्रमांक गुंफलेला असतो. यामुळे दोन आवृत्त्या एकाच यंत्रावर निरनिराळ्या पोर्टांवर शेजारी नांदू शकतात. रेड हॅटच्या परंपरेत पॅकेज बसविल्यानंतर क्लस्टरचा आरंभ प्रशासकाने स्वतः आज्ञा देऊन करावयाचा असतो. विंडोजवर तर २००५ च्या जानेवारीत ८.० ही आवृत्ती निघेपर्यंत सर्व्हर मूळ स्वरूपात चालतच नसे, सिग्विन नामक मध्यस्थाचा आधार घ्यावा लागे. आज तेथे चित्रमय स्थापक प्रश्न विचारीत जातो, आणि सर्व्हर विंडोजची एक सेवा म्हणून नोंदविला जातो.

या भेदांमागे केवळ सवयीचा फरक नाही. डेबियनच्या पॅकेजकर्त्यांनी सोय आणि सहअस्तित्व यांना अग्रक्रम दिला, रेड हॅटने प्रशासकाच्या स्पष्ट आज्ञेला दिला, तर विंडोजवरील स्थापकाने अनभ्यस्त वापरकर्त्याच्या सुकरतेला दिला. तिन्ही भूमिका समर्थनीय आहेत. मात्र त्यांचा एक परिणाम समान आहे : क्लस्टर जन्मास येताना जे निर्णय कायमचे ठरतात, ते ज्याने घ्यावयाचे त्याच्या नकळत घेतले जाण्याची शक्यता असते. वर्णक्रमाचा निर्णय त्यांपैकीच एक होय. क्लस्टर निर्माण होताना यंत्रावर जी भाषिक मांडणी प्रचलित असेल, ती सामान्यतः डेटाबेसची होते. डेबियनवर पॅकेज बसविणाऱ्यास त्या क्षणी काही विचारलेही जात नाही. विंडोजवर विचारले जाते, पण उत्तर न बदलता पुढे जाणारेच अधिक.

मार्गदर्शिकेचे मौन येथे खटकते. सिस्टिमागणिक सूचना देणे हे तिचे काम नाही, हे मान्य करावयास हरकत नाही. परंतु ‘कोणत्याही मार्गाने सर्व्हर बसविला, तरी पुढील निर्णय आरंभीच तपासून घ्यावेत’ असे सांगणारा एक परिच्छेद त्या त्रोटक प्रकरणात सामावला असता. ज्या दारातून बहुसंख्य वाचक आत येतात, त्याच दारावर पाटी नाही.

३

आवृत्तिबदलाच्या विवेचनाचा दर्जा याहून पुष्कळ वरचा आहे. मुख्य आवृत्ती आणि गौण आवृत्ती यांतील भेद तेथे निःसंदिग्ध शब्दांत मांडला आहे. १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, क्रमांकाचा पहिला अंक मुख्य आवृत्ती दर्शवितो. त्यापूर्वी पहिले दोन अंक मिळून ती होत असे. म्हणून ९.५ वरून ९.६ वर जाणे हा मोठा बदल होता, तर १६.१ वरून १६.४ वर जाणे हा लहान. गौण आवृत्तीत डेटा साठविण्याचे अंतर्गत स्वरूप बदलत नाही. सर्व्हर थांबवावा, नवी आज्ञावली बसवावी आणि सर्व्हर पुन्हा सुरू करावा, एवढ्याने काम भागते. मुख्य आवृत्तीत ते स्वरूप बदलू शकते. डेटा डिरेक्टरीत मुख्य आवृत्तीचा क्रमांक तेवढा लिहिलेली एक लहानशी फाइल असते; तो क्रमांक जुळला नाही तर सर्व्हर सुरू होण्याचेच नाकारतो. हे नाकारणे ही मोठीच सोय होय. नुकसान होण्यापूर्वी चूक उघडी पडते.

मुख्य बदलासाठी मार्गदर्शिका तीन मार्ग सांगते. पहिला डम्पचा : सर्व डेटा मजकुराच्या रूपाने बाहेर काढावयाचा आणि नव्या सर्व्हरमध्ये पुन्हा भरावयाचा. हा मार्ग संथ, पण सर्वांत निर्धास्त; एका जातीच्या यंत्रावरून वा सिस्टिमवरून दुसऱ्या जातीवर जाताना डिरेक्टरी तशीच उचलून नेता येत नसल्याने तेथेही याचाच आधार घ्यावा लागतो. दुसरा मार्ग पीजी-अपग्रेड या साधनाचा. २०१० मध्ये ९.० या आवृत्तीबरोबर ते जोडसाहित्य म्हणून आले. ते डेटाच्या फायली उकलीत नाही. त्या जशाच्या तशा नव्या घरात नेते आणि फक्त त्यांची नोंदवही नव्याने लिहिते. त्यामुळे प्रचंड डेटाबेसचे स्थलांतरही अल्पावधीत होऊ शकते. तिसरा मार्ग तार्किक प्रतिकृतीचा : जुना सर्व्हर चालू असताच नव्यात बदल पोहोचवीत राहावयाचे, आणि योग्य क्षणी सूत्रे नव्याकडे सोपवावयाची.

या विवेचनात एक जागा अशी आहे की तिचा आदर्श म्हणून निर्देश करावा. पीजी-अपग्रेड हे साधन फायलींची नक्कल करू शकते, किंवा नक्कल न करता जुन्या फायलींनाच नवे नाव जोडू शकते. दुसरी रीत वेगवान आहे आणि अतिरिक्त जागाही घेत नाही. पण तिची किंमत मोठी आहे. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की त्याने सामाईक फायलींवर लिहिलेले असते, आणि जुना सर्व्हर त्यानंतर सुरक्षितपणे वापरता येत नाही. बॅकअपवरूनच तो पुन्हा उभा करावा लागतो. हा इशारा मार्गदर्शिकेत दोनदा येतो : एकदा जेथे रीत निवडावयाची तेथे, आणि पुन्हा जेथे माघारीचा विचार करावयाचा तेथे. वाचक हात घालणार त्याच क्षणी त्याच्या मनगटावर कोणी बोट ठेवावे, तशी ही रचना आहे. शब्द कोरडे आहेत, अलंकार एकही नाही. तरी हे उत्कृष्ट गद्य होय, कारण ते योग्य जागी आहे.

टीकाकाराच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. धोक्याची सूचना कोठे द्यावी याचे ज्ञान मार्गदर्शिकेच्या कर्त्यांना आहे, हे यावरून सिद्ध होते. पुढे जी उणीव दाखवावयाची आहे, तिचे समर्थन अज्ञानाच्या आधारे करता येणार नाही.

४

ती उणीव न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगता येईल. लक्षण जेव्हा लक्ष्याचा काही भाग व्यापीत नाही, तेव्हा त्यास अव्याप्ति-दोष म्हणतात. मार्गदर्शिकेतील ‘आवृत्तिबदल’ या कल्पनेस हा दोष जडलेला आहे. तिच्या मते डेटाबेसचा आवृत्तिबदल म्हणजे सर्व्हरच्या आज्ञावलीचा बदल. वस्तुस्थिती अशी की सर्व्हरच्या आज्ञावलीला हातही न लावता डेटाबेसचा एक महत्त्वाचा घटक बदलू शकतो. आणि तो बदलतो खालची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली म्हणजे.

याचे कारण वर्णक्रमात आहे. शब्दांची मांडणी कोणत्या क्रमाने करावयाची हे पोस्टग्रेस पूर्वापार स्वतः ठरवीत आलेला नाही. तो सिस्टिमच्या लायब्ररीस विचारतो. लिनक्सवर बहुधा ही लायब्ररी जीलिबसी असते, विंडोजवर ती विंडोजची स्वतःची. शोध जलद व्हावा म्हणून डेटाबेस जी क्रमबद्ध सूची करून ठेवतो, आणि जीस व्यवहारात इंडेक्स म्हणतात, ती त्या लायब्ररीने सांगितलेल्या क्रमाने डिस्कवर लिहिली जाते. म्हणजे क्रम कोणता हे सूचीत गोठलेले असते, पण क्रमाचा नियम मात्र सूचीबाहेर, सिस्टिमच्या ताब्यात असतो. नियम बदलला आणि सूची तशीच राहिली, तर काय होईल?

मराठीच्या उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट करता येते. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा वर्ण ‘ल’ नंतर आणि ‘व’ च्या आधी येतो. शाळेत शिकविल्या जाणाऱ्या मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर आहे. समजा, एका शब्दसूचीत काल, काळ, कावळा, काशी, कासव हे पाच शब्द संकेतक्रमाने मांडून ठेवले आहेत. आता नियम बदलून वर्णमालेचा क्रम लागू झाला. सूची मात्र जुनीच राहिली. ‘काळ’ हा शब्द शोधावयाचा आहे. शोधाची रीत अशी की मधल्या नोंदीशी तुलना करावयाची आणि डावीकडे वा उजवीकडे वळावयाचे. मधली नोंद ‘कावळा’. नव्या नियमाप्रमाणे ‘काळ’ हा ‘कावळा’ च्या पुढचा. म्हणून शोध उजवीकडे वळतो. तेथे ‘काशी’ आणि ‘कासव’ एवढेच आहेत. उत्तर मिळते : असा शब्द नाही. शब्द तर तेथेच आहे, एक घर अलीकडे.

या दोषाचे भयंकरत्व त्याच्या शांततेत आहे. सर्व्हर बंद पडत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, वेगही मंदावत नाही. नोंद सापडत नाही, एवढेच. जेथे नाव एकमेव असावे असे बंधन असते, तेथे आधीची नोंद न सापडल्यामुळे तेच नाव दुसऱ्यांदा स्वीकारले जाते. विद्यार्थ्यांची पटनोंद असो, शब्दकोशाची सामग्री असो वा एखाद्या ग्रंथालयाची सूची असो, असलेली वस्तू नाही म्हणून सांगणे आणि एक वस्तू दोनदा मोजणे हे दोन्ही प्रमाद त्यातून संभवतात. संशोधनसामग्रीच्या बाबतीत हे प्रमाद निष्कर्षांत शिरतात आणि तेथून ते हुडकून काढणे दुष्कर होते.

वरील मराठी उदाहरण कल्पित असले तरी घटना कल्पित नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जीलिबसीची २.२८ ही आवृत्ती निघाली. तीत वर्णक्रमाचे नियम आयएसओ १४६५१ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नव्या पाठानुसार मोठ्या प्रमाणावर सुधारण्यात आले. बदल कसा होता याचा एक साधा नमुना पुष्कळांनी तपासून पाहिला आहे : अमेरिकन इंग्रजीच्या मांडणीत ‘१-१’ आणि ‘११’ या दोन खुणा इंग्रजी अंकांत लिहून क्रमाने लावल्या, तर पूर्वी ‘११’ आधी येई, नव्या नियमात ‘१-१’ आधी येते. २०१९ मध्ये निघालेल्या डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ या दोन्ही सिस्टिम नव्या नियमाच्या आहेत. त्यांच्या पूर्वीच्या डेबियन ९ आणि रेड हॅट ७ जुन्या नियमाच्या. ज्याने सिस्टिम बदलली आणि पोस्टग्रेसची आवृत्ती व डिरेक्टरी तीच ठेवली, त्याने मार्गदर्शिकेच्या व्याख्येनुसार डेटाबेसचा कोणताच आवृत्तिबदल केला नव्हता. तरी त्याच्या शब्दसूच्या संशयास्पद झाल्या होत्या.

येथे पूर्वी सांगितलेल्या तीन मार्गांचे तारतम्य एकदम उलटते. डम्पच्या संथ मार्गाने डेटा नव्या सर्व्हरमध्ये भरला जातो, तेव्हा प्रत्येक सूची नव्या नियमाने नव्याने बांधली जाते. तार्किक प्रतिकृतीतही नवा सर्व्हर आपली सूची स्वतःच बांधतो. पीजी-अपग्रेडचा जलद मार्ग मात्र सूचीच्या फायली जशाच्या तशा उचलून नेतो. सिस्टिम बदललेली असेल तर दोषही त्यांच्याबरोबर नव्या घरात येतो. जुन्या सिस्टिमवरील सर्व्हरची भौतिक प्रतिकृती नव्या सिस्टिमवरील यंत्रावर चालविली, तरी हाच प्रकार घडतो : दोन्हीकडे अक्षरशः तेच बाइट, पण ते वाचण्याचे नियम भिन्न. संथ मार्ग आपोआप शुद्धी करतो आणि वेगवान मार्ग अशुद्धी जपतो, हे तारतम्य मार्ग निवडणाऱ्या वाचकास निवडीच्या क्षणी कळावयास हवे. वेळ आणि जागा यांच्या हिशेबात ते कोठेच दिसत नाही.

अलीकडे सर्व्हर कंटेनरमध्ये चालविण्याचा प्रघात वाढल्याने हा प्रश्न अधिक सूक्ष्म झाला आहे. डॉकरवरील पोस्टग्रेसची प्रतिमा डेबियनच्या पायावर मिळते, तशी अल्पाइनच्या पायावरही. अल्पाइनची लायब्ररी मसल ही असून भाषावार वर्णक्रम ती जाणतच नाही. ती केवळ संकेतांची तुलना करते. तीच डेटा डिरेक्टरी एका पायावरून उचलून दुसऱ्यावर ठेविली, तर पोस्टग्रेसचा आवृत्तिक्रमांक तंतोतंत जुळतो, सर्व्हर निमूटपणे सुरू होतो, आणि सूचीचा आधार मात्र निसटलेला असतो. आवृत्तीची फाइल ज्या चुकीवर पहारा देते ती ही चूक नव्हे.

५

मार्गदर्शिका या विषयावर सर्वस्वी गप्प आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. वर्णक्रमात फेरफार करणाऱ्या आज्ञेच्या संदर्भपृष्ठावर या धोक्याची चर्चा आहे, आणि ती यथातथ्य आहे. सर्व्हरच्या कर्त्यांनी उपायही क्रमाक्रमाने केले. २०१७ मध्ये १० व्या आवृत्तीत आयसीयू या स्वतंत्र लायब्ररीचे वर्णक्रम वापरण्याची सोय झाली, आणि सूचीचा क्रम खरोखर जुळतो की नाही हे तपासणारे अमचेक हे साधनही त्याच आवृत्तीत आले. १३ व्या आवृत्तीपासून जीलिबसीच्या वर्णक्रमाचीही आवृत्ती नोंदविली जाऊ लागली. संपूर्ण डेटाबेसच्या मूळ वर्णक्रमाची आवृत्ती नोंदवून, ती न जुळल्यास इशारा देण्याची व्यवस्था मात्र २०२२ च्या १५ व्या आवृत्तीत आली. १७ व्या आवृत्तीत तर सर्व्हरच्या पोटातलाच, सिस्टिमवर अवलंबून नसलेला संकेतक्रम उपलब्ध झाला.

परंतु या सगळ्याचे स्थान कोणते? सिस्टिम बदलू पाहणारा प्रशासक आवृत्तिबदलाचा विभाग उघडील. वर्णक्रमाच्या आज्ञेचे संदर्भपृष्ठ तो उघडील कशासाठी? ज्याला प्रश्नच ठाऊक नाही त्याने उत्तराचे पान शोधावे, अशी ही अपेक्षा आहे. संदर्भग्रंथाची रचना आणि मार्गदर्शनाची रचना यांतील भेद येथे उघडा पडतो. संदर्भग्रंथात प्रत्येक गोष्ट आपल्या वर्गात असली म्हणजे पुरे. मार्गदर्शनात ती वाचकाच्या वाटेत असावी लागते.

शब्दयोजनेविषयीही एक आक्षेप घ्यावयास हवा. न जुळणाऱ्या आवृत्तीचा इशारा मिळाल्यावर जी आज्ञा द्यावयाची तिच्या नावात ‘रिफ्रेश’ हा शब्द आहे. ताजेतवाने करणे हा त्याचा सहज अर्थ. प्रत्यक्षात ती आज्ञा सूचीला स्पर्शही करीत नाही. नोंदवहीतील आवृत्तीचा क्रमांक तेवढा बदलते. सूच्या आधी पुन्हा बांधाव्यात आणि मगच ही आज्ञा द्यावी, असे मार्गदर्शिका सांगते खरे. परंतु घाईतला वाचक नावावर विसंबतो. त्याने क्रम उलटा केला, किंवा पहिली पायरी गाळली, तर इशारा थांबतो आणि रोग राहतो. ज्वर मोजण्याची नळी फोडून ज्वर उतरल्याचे समाधान मानावे, तसा हा प्रकार होतो. आज्ञेचे नाव ‘नोंद’ या कल्पनेभोवती योजले असते, तर हा भ्रम उत्पन्न झाला नसता. नामकरण हाही मार्गदर्शनाचाच एक भाग आहे.

या टीकेवर एक आक्षेप संभवतो. पोस्टग्रेसच्या कर्त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या बदलांची जबाबदारी का घ्यावी? सिस्टिम अनेक, त्यांचे कर्ते निराळे, त्यांची वेळापत्रके निराळी. आक्षेप वजनदार आहे. सर्व सिस्टिमच्या सर्व फेरफारांची जंत्री देऊ लागल्यास मार्गदर्शिका फुगेल आणि लवकरच कालबाह्य होईल. परंतु येथे अपेक्षा जबाबदारीची नसून व्याख्येची आहे. ‘डेटाबेस ज्यांवर अवलंबून आहे त्यांपैकी कोणताही घटक बदलणे म्हणजे आवृत्तिबदल’ अशी व्याप्ती एकदा मान्य केली, की उरलेले सांगण्यास दोन वाक्ये पुरतात : सिस्टिमची मुख्य आवृत्ती बदलल्यास शब्दांवरील सूच्या तपासाव्यात वा पुन्हा बांधाव्यात, आणि जलद मार्ग निवडल्यास हे काम आपोआप होत नाही. जेथे फायली जोडण्याच्या रीतीविषयीचा इशारा दोनदा देण्यास जागा होती, तेथे या दोन वाक्यांसही जागा मिळू शकली असती.

६

दुसऱ्या एका सर्व्हरशी तुलना केल्यास या मताला पुष्टी मिळते. मायएसक्यूएल हा सर्व्हर वर्णक्रमाचे नियम स्वतःबरोबर बाळगतो. सिस्टिम बदलल्याने त्याच्या शब्दसूच्या बिघडत नाहीत. त्याचा आवृत्तिबदलही अलीकडे पुष्कळ आपोआप होतो, ८.०.१६ या आवृत्तीपासून सर्व्हर सुरू होताना आवश्यक ते फेरफार स्वतःच करून घेतो. पण त्याची भिंत दुसऱ्या ठिकाणी झिरपते. त्याच्या तक्त्यांची नावे सिस्टिमच्या फाइलव्यवस्थेवर अवलंबून राहिलेली आहेत. इंग्रजी नावातील लहान आणि मोठी लिपी लिनक्सवर मूलतः भिन्न मानली जाते, विंडोजवर ती एकच मानली जाते, आणि मॅकवर नाव जसे दिले तसे साठवून तुलना मात्र भेद न करता होते. ८.० या आवृत्तीपासून हा निर्णय क्लस्टरच्या आरंभीच घ्यावा लागतो, नंतर तो बदलता येत नाही. विंडोजवर सुरळीत चालणारी आज्ञावली लिनक्सवर ‘असा तक्ता नाही’ असे ऐकून घेते, त्याचे मूळ पुष्कळदा येथे असते.

एवंच, दोन्ही सर्व्हर ऑपरेटिंग सिस्टिमपासून स्वतंत्र असल्याचा आभास निर्माण करतात, आणि दोहोंच्या बाबतीत तो आभास एकेका जागी फाटतो. भेद असा की मायएसक्यूएलचा दोष पहिल्याच दिवशी मोठ्याने ओरडतो, तर पोस्टग्रेसचा वर्षानुवर्षे बोलत नाही. जो दोष बोलत नाही त्याच्या वतीने मार्गदर्शिकेने बोलावे, ही अपेक्षा म्हणूनच अवास्तव ठरत नाही.

७

मराठी सामग्रीवर काम करणाऱ्या अभ्यासकासाठी या विवेचनातून काही व्यावहारिक निष्कर्ष निघतात. डेटाबेस निर्माण होण्यापूर्वीच वर्णक्रमाचा निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा. अंतर्गत सूच्यांसाठी संकेतक्रम स्वीकारणे स्थैर्याच्या दृष्टीने इष्ट. कारण सिस्टिमची लायब्ररी बदलली तरी तो ढळत नाही. मात्र तो मराठी क्रम नव्हे, याचे भान सुटता कामा नये : ‘ळ’ तेथे ‘व’ च्या आधी येईल, आणि ‘क्ष’ हे जोडाक्षर ‘क’ च्या पोटात जाईल, कारण त्याचे लेखनच ‘क’, हलन्त आणि ‘ष’ असे साठविले जाते. वाचकापुढे ठेवावयाच्या यादीसाठी आयसीयूचा मराठी वर्णक्रम त्या त्या प्रश्नापुरता मागून घ्यावा. त्या वर्णक्रमावर कायमची सूची बांधल्यास आयसीयूची आवृत्तीही आपल्या दक्षतेच्या कक्षेत आली असे समजावे. सिस्टिम बदलण्याचा प्रसंग आल्यास आधी बॅकअप घ्यावा, बदलानंतर अमचेकने सूच्या तपासाव्यात, शंका असल्यास त्या पुन्हा बांधाव्यात, आणि वर्णक्रमाची नोंद सर्वांत शेवटी बदलावी.

मार्गदर्शिकेच्या एकंदर मूल्यमापनाकडे वळता, पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्या बाजूने द्यावे लागते : ती जे सांगते ते खरे आहे, आणि ज्या प्रामाणिकपणे ती माघारीचे रस्ते बंद होण्याच्या जागा दाखविते तो प्रामाणिकपणा या प्रकारच्या वाङ्मयात सुलभ नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बव्हंशी अनुकूलच आहे. आवश्यक ते ज्ञान ग्रंथात कोठे ना कोठे आहे. तिसऱ्या प्रश्नावर ती उणी पडते. ज्ञान ग्रंथात आहे, पण वाटेत नाही. अनेक हातांनी घडलेल्या संहितेत असे घडणे स्वाभाविक आहे : सर्व्हर लिहिणारा सर्व्हरच्या सीमेपर्यंत लिहितो, पॅकेज करणारा पॅकेजच्या सीमेपर्यंत, आणि सिस्टिम घडविणारा सिस्टिमच्या. प्रत्येकाचे प्रकरण आपापल्या परीने निर्दोष असते. वापरणाऱ्याचा डेटा मात्र या तिन्ही सीमा जेथे मिळतात तेथे राहतो, आणि नेमके तेवढेच प्रकरण लिहावयाचे राहून गेलेले असते. मराठीत या विषयावर जो कोणी मार्गदर्शिका सिद्ध करील, त्याने भाषांतराच्या आधी हे प्रकरण लिहावे.